जाताना सहा तास, येताना चोवीस

३ ऑगस्ट

अगं,

पत्राची सुरुवात अशी करतात का, मला माहीत नाही. पण एवढ्या वर्षांत मी तुला दुसरी हाक मारली नाही, आणि तूही मला 'अहो'च्या पुढे काही म्हटलं नाहीस. आता या वयात 'प्रिय' लिहिलं तर तुला वाटायचं, दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आपल्याकडे आलं.

लेकीकडून तुझा निरोप मिळाला. "त्यांना म्हणावं, काही बोलायचं असेल तर पत्र लिहा. फोनवर ते मला ऐकत नाहीत, माझ्यामागचा फ्रिज ऐकतात." हे जरा जास्तच झालं. एकदाच म्हणालो मी, जावईबापूंच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर धापा टाकतोय, फार दिवस काढणार नाही म्हणून. तू तेव्हा काहीतरी सांगत होतीस, ते मात्र राहून गेलं. काय सांगत होतीस? आता लिही.

बाकी माझ्या कानांना तू नावं ठेवू नयेस. त्याच कानांवर घर उभं राहिलंय. सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून दारोदार पंखे दुरुस्त करत फिरायचो, तेव्हा तूच म्हणायचीस, याला मीटर लागत नाही, कान लागतो. आज कारखान्यात मोटर आली की पोरं मीटर शोधतात आणि मी नुसता शेजारी उभा राहून सांगतो, बेअरिंग गेलंय, किंवा वाइंडिंग सैल झालंय. मोटर खोटं बोलत नाही. माणसांचं सांगता येत नाही.

म्हणूनच एक विचारायचं आहे. विमानतळावर काचेच्या दारातून आत जाताना तू वळून काहीतरी म्हणालीस. मला 'जाते' असं ऐकू आलं. वर ती स्पीकरवाली बाई ओरडत होती, सामानाच्या गाड्यांची चाकं खडखडत होती, सगळं कबूल. पण ऐकलं मी. कोपऱ्यावरून दोऱ्याचं रीळ आणायला निघालीस तरी तू 'येते हं' म्हणतेस. आणि एवढ्या लांब निघताना 'जाते'? आपल्यात असं कुणी म्हणतं का? तीन महिन्यांसाठी म्हणून गेलीस, आता पाचवा लागला. त्यामुळे मला कळेनासं झालंय, तू राहायला गेली आहेस की निघून गेली आहेस.

राग नाही. विचारतो आहे.

आमच्या मिस्त्रीलाही तेच कळत नाही. रोज सकाळी विचारतो, "वहिनी कधी येणार?" मी म्हणतो, "येईल." तर म्हणतो, "येईल ते ठाऊक आहे, कधी ते विचारलं." पगार माझ्याकडून घेतो आणि उलटतपासणीही माझीच.

तर काल सहज तिकीटवाल्याकडे जाऊन बसलो. तुझ्या परतीचं बघून ठेवावं म्हणून. अंतर विचारलं. म्हणाला, तेरा हजार किलोमीटर, थेट विमान आहे. वेळ विचारला, तर म्हणतो, "इथून सकाळी नऊला निघतं काका, आणि तिथे त्याच दिवशी दुपारी तीनला."

"म्हणजे सहा तास?"

तो हसला. "आणि तिथून सकाळी अकराला निघतं, ते इथे दुसऱ्या दिवशी अकराला."

"म्हणजे चोवीस?"

तो आणखी हसला. मी म्हटलं, "बाबा रे, वाट एक, विमान एक, आणि जाताना सहा, येताना चोवीस? अशी मोटर माझ्याकडे आली असती तर मी बाहेरच्या बाहेर परत पाठवली असती." तेवढ्यात त्याच्याकडे तिकीट घेणारं गिऱ्हाईक आलं. मी नुसता विचारणारा. उठलो.

मग रस्त्यावर डोक्यात आलं, तुला परत यायला चौपट वेळ लागतो म्हणून तर राहिली नाहीस ना?

सही काय करू? तू जी हाक मारतेस, तीच करतो.

— अहो


१४ ऑगस्ट

अगं,

लेकीच्या फोनवरून तुझं उत्तर आलं. आम्ही दोन पानं लिहायची आणि तू चार ओळी. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, ती सवय तुझी अजून गेली नाही.

पहिली ओळ, फ्रिज बसला. बघ! दुसरी ओळ, कपडे उसवून अंगाबरोबर बेतून देण्याचं एक दुकान आहे, तिथे जातेस, आणि मालकीण म्हणते वर्षभर राहीन असा शब्द दे, तर कायमची खुर्ची देते; सप्टेंबर संपायच्या आत सांगायचं आहे. तिसरी ओळ, "तेव्हा फोनवर हेच सांगत होते." चौथी, "घड्याळाचं मास्तरांना विचारा."

'येते' की 'जाते', त्याचं उत्तर चारही ओळींत नाही. मी कागद उलटा करूनही पाहिला असता, पण फोन उलटा करून काय दिसणार.

दुकानाचं ऐकून आधी छाती फुगली. गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजांना टाके घालणारी माझी बायको, तिथल्या साहेबलोकांचे कोट उसवते! मिस्त्रीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. रात्री जेवायला बसलो तेव्हा 'वर्षभर' हा शब्द ध्यानात आला. वर्षभर म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत? की वर्षभर म्हणजे आधी वर्षभर, मग बघू? शब्द दिलास की तू मोडणार नाहीस, हे त्या मालकिणीला ठाऊक नसेल, मला आहे. तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत गप्प राहा एवढंच मागणं आहे.

मास्तरांकडे गेलो. वरच्या मजल्यावर तुझी चौकशी माझ्यापेक्षा जास्त होते. त्यांनी कपाटावरून पृथ्वीचा गोळा काढला, धूळ झटकली, माझ्या हातात सुताची दोरी दिली आणि म्हणाले, "एक टोक आपल्या गावावर धरा, दुसरं वहिनींच्या." मी नकाशात जसं सरळ दिसतं तसं आडवं धरलं. ते म्हणाले, "आता दोरी ओढा." ओढली तर दोरी सरकत सरकत वर गेली, बर्फाच्या पांढऱ्या टोपीजवळून, आणि आखूड झाली.

"बघा, जवळची वाट ही," मास्तर म्हणाले.

"ही? ही तर केवढी वाकडी दिसते."

"कागदावर वाकडी दिसते. गोळ्यावर सरळ आहे."

मग घड्याळाचं. तुझं घड्याळ आपल्या दहा तास मागे. म्हणून जाताना सहा तास दिसतात ते खरे सोळा, आणि येताना चोवीस दिसतात ते खरे चौदा. म्हणजे तिकीटवाल्याचा हिशेब बरोबर उलटा निघाला! जायलाच वेळ जास्त, यायला कमी. मी विचारलं, हे दोन तास कुठे गेले? म्हणाले, वर आकाशात वारा एकाच दिशेनं जोरात वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर.

मी मान हलवली. काही कळलं नाही. तेरा हजार किलोमीटरला वारा कसला अडवतोय, आणि एवढ्या मोठ्या यंत्राला? पण मास्तर चहा ठेवायला उठले, आणि जाता जाता म्हणाले, "मालक, विमानाचं सोडा, माणसाचंही तसंच असतं. घराकडे तोंड केलं की पाय लवकर उचलतात." मास्तर निवृत्त झाल्यापासून असली वाक्यं फार बोलतात. मी आपलं तुला कळवतो. यायला चौदाच लागतात हं.

— अहो


२७ ऑगस्ट

अगं,

तू दोन ओळींवर आलीस. पुढच्या खेपेला नुसता पूर्णविराम पाठवशील.

"वाऱ्याचं राहू द्या. शीतगृहाचं काम त्या दिवशी किती वेळात झालं?"

हे तुला कुणी सांगितलं? मिस्त्री. त्याला आज संध्याकाळीच विचारलं. म्हणतो, "वहिनींनी विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगायचं होतं का?" याला म्हणतात घरचा भेदी.

हो, तासाभरात झालं. मग? ते आधी कुणाला ठाऊक होतं? शीतगृहाची मुख्य मोटर बंद, आत ट्रकभर माल, मालक फोनवर फोन करतोय. आपली दोन तिकिटं काढलेली, सामान बांधलेलं, सगळं मान्य. तुला विमानतळावर सोडलं, तिथून तडक गेलो. जाऊन कान लावला तर एक तार निसटलेली. जोडली. तेव्हा नऊ वाजले होते. तुझं विमान हललं असेल नुकतं. हे बघ, उशीर झाला तो झाला, पण मला दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढता आलं असतं की नाही, असं तू विचारशील. आलं असतं. मग दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं. तू कारखाना पाहिला आहेस, काम कधी नसतं?

असो. तिकीटवाल्याकडे पुन्हा गेलो होतो. तुझ्याच सोयीसाठी. विचारलं, या विमानाला इंजिनं किती. म्हणाला दोन. मी म्हटलं, तेरा हजार किलोमीटरला दोनच? आणि एक बंद पडलं तर? म्हणाला, एकावरही जातं. मी म्हटलं, जातं की पोचतं? मग विचारलं, आवाज कुठे कमी येतो, पुढे की मागे. वर बर्फावरून नेतात त्याऐवजी जरा जमिनीजमिनीवरून नेणारं विमान नाही का, दोन तास जास्त लागले तरी चालतील. तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"काका, काकू तर एकदा जाऊन बसल्यात तिथे. त्यांना कसली भीती नाही. मग हे सगळं विचारतंय कोण?"

आगाऊ आहे. पण पोरगा हुशार वाटतो.

तू तिथे खुर्चीवर बसणार असशील तर मी इथे काय करायचं, हे तू मला एकदा सांग. चहा मी करतो, तो चहासारखा होतो. कपडे धुतो, ते मळल्यासारखे वाळतात. ते सगळं चालतं. पण संध्याकाळी कारखाना बंद झाला की घरात एकही आवाज नसतो. तुझं शिवणयंत्र थांबलंय. मी एकदा उगाच पायडल हलवून पाहिलं. तेल मागतंय.

शब्द देऊ नकोस एवढ्यात. आधी समोरासमोर बोलू. नाहीतर, नाहीतर काय ते मला ठाऊक नाही.

— अहो


१३ सप्टेंबर

अगं,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू दारात आलीस की हातात देणार.

काल तुझा निरोप आला तेव्हा मी मोटरीत हात घालून बसलो होतो. मिस्त्रीनं वाचून दाखवला. "सतराचं तिकीट काढलंय. या. मी विमानतळावर असेन." मी म्हटलं, पुन्हा वाच. तीनदा वाचला. चौथ्यांदा म्हणाला, "मालक, आता पाठ झालं, तुम्हीच म्हणा."

या! एवढंसं अक्षर. शीतगृहाच्या कामापेक्षाही कमी वेळात माझं काम केलंस. येतो की. न यायला काय झालं? पहाटेपासून उभा राहतो दारात.

तिकीटवाल्याला विचारून घेतलं. तिकडून येणारं विमान सतराला सकाळी अकराला उतरतं. मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पाहिलंत? पाठीवर वारा." या वेळी मला ते वाक्य आवडलं.

लेकीचाही फोन आला होता. पोरगी आईच्या पाठवणीला माझ्यापेक्षा जास्त घाईला आलेली.

"बाबा, झाली का तयारी?"

"झाली की. स्वयंपाकघराला रंग काढला."

"रंग? आत्ता?"

"मग कधी काढायचा?"

"बरं बाबा, तुमची हौस. गरम कपडे?"

"कपाटातून काढले. उन्हात घातले."

"शहाणे माझे बाबा. गुडघ्याचं औषध?"

"दोन बाटल्या आणून ठेवल्यात." मी म्हटलं, हिला सगळं आठवतं, तुझा उजवा गुडघासुद्धा. माझाही दुखतो म्हणा, पण माझं कोण विचारतो.

"तिकीट कारखान्याच्या मेलवर टाकलंय. बघून घ्या."

"बघतो." तुझं तिकीट मी बघून काय करू? त्या मेलवर पंख्यांच्या जाहिराती येतात, आम्ही ती उघडतही नाही.

"आणि बाबा, घाबरू नका हं."

"मी कशाला घाबरू? घाबरायचं तर तुझ्या आईनं, इतक्या महिन्यांनी मला तोंड दाखवायचंय."

त्यावर केवढी हसली. हसता हसता जरा रडलीही. माझ्या कानाला कळतं.

रंग पिवळा आहे. आवडला नाही तर बदलू.

— अहो


१७ सप्टेंबर, दुपार, विमानतळ

तू आली नाहीस.

घरी बसवेना म्हणून आठलाच येऊन थांबलो. खाली, माणसं बाहेर येतात त्या दारासमोर. टॅक्सीवाले नावांच्या पाट्या घेऊन उभे होते. एकानं विचारलं, "पाहुणे कोण?" म्हटलं, "मालकीण." तो बाजूला सरकला, मला पुढची जागा दिली.

वरच्या मजल्यावरून स्पीकर सारखा ओरडत होता. साडेआठच्या सुमाराला त्या बाईनं आपलं आडनाव पुकारलं. म्हणजे तिला ते नीट म्हणता येईना, पण मला कळलं. अमुक अमुक प्रवासी, शेवटची सूचना, दार बंद होत आहे. पुन्हा पुकारलं. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, "बघा, आमच्याच आडनावाचा कुणी दिसतो. आमच्यात वेळेवर कोण येतंय!" तो म्हणाला, "विमान थांबवून ठेवलंय की काय त्याच्यासाठी?" आम्ही दोघं हसलो. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मला त्या माणसाची कीवही आली. कुठे बसला असेल मूर्ख, असं वाटलं.

अकराला पाटीवर 'उतरले' आलं. दार उघडायला लागलं. माणसं आली, चाकांच्या खुर्च्या आल्या, पोरं आली, एकीची चाल अगदी तुझ्यासारखी होती म्हणून मी हात वर केला, आणि तिचा नवरा माझ्याकडे बघायला लागला. टॅक्सीवाल्याला त्याचा पाहुणा मिळाला. जाताना म्हणाला, "येतील, सामान उशिरा येतं." मग विमानाचे लोक आले, टोप्या घातलेले, हसत बोलत. त्यांच्यामागून कुणी येत नसतं, हे मला आज कळलं.

तासभर आणखी उभा राहिलो. झाडूवाला माझ्या पायांभोवतीनं झाडून गेला.

मला काही समजत नाही. तूच म्हणालीस या. आलो. तूच म्हणालीस, मी विमानतळावर असेन. कुठे आहेस? ऐनवेळी मन फिरलं? त्या मालकिणीला शब्द दिलास? तर तसं सांगायचं होतं. निदान 'येत नाही' एवढे दोन शब्द तरी, तुझ्या हिशेबातही परवडले असते. की मला एकदा इथे उभं करून दाखवायचं होतं, वाट बघणं कसं असतं ते? ते दिसलं.

हे पत्र इथल्याच पेटीत टाकतो. फोन बंद करतो आहे. आज मला फ्रिजही ऐकायचा नाही.


१९ सप्टेंबर

अगं,

सतराचं एक पत्र तुला येईल. त्यावर विमानतळाचा शिक्का असेल. फोडू नकोस. फोडलंस तर अर्ध्यावर सोड.

माझा फोन बंद, म्हणून लेकीनं काल सकाळी मास्तरांच्या फोनवर केला. मास्तर बनियनवर खाली धावत आले.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"घरी. आई कुठे आहे?"

"घरी."

मी वळून स्वयंपाकघरात पाहिलं.

"बाबा, तुम्ही आला का नाहीत?"

"मी आलो होतो! सकाळभर उभा होतो."

"कुठे?"

"विमानतळावर."

"कुठल्या?"

कुठल्या! मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं, त्यांना माझ्या आधी कळलं.

कारखान्यात जाऊन मेल उघडली. शंभर पंख्यांच्या खाली ते तिकीट. सतरा तारीख, सकाळी नऊ, प्रवाशाचं नाव माझं. पहिलं, मधलं, आडनाव, सगळं माझं. मिस्त्री पाठीमागून वाचत होता. म्हणाला, "काखेत कळसा न गावाला वळसा." मी म्हटलं, "काखेत नाही रे, वरच्या मजल्यावर." ज्या मूर्खासाठी विमान खोळंबलं होतं, त्याची कीव करत तो मूर्ख खाली उभा होता.

पण ते हसण्यावारी नेण्याजोगं नाही. मी इथे दारासमोर उभा राहिलो, आणि तू तिथे दुपारी तीनला तशीच दारासमोर. लेकीनं सांगितलं, फोन बंद लागला म्हणून तुम्ही दोघी निर्धास्त होतात, बाबा विमानात बसले म्हणून. सगळी माणसं गेली तरी तू हलली नाहीस. लेकीनं म्हटलं, आई, चल. तर म्हणालीस, "थांब, त्यांना सामान शोधता येत नसेल."

हे वाक्य कालपासून माझ्या कानातून जात नाही.

मग फोन तू घेतलास. "तुम्ही यायचे नाहीत, मला वाटलंच होतं. येताना वाटेत दुकानात गेले. शब्द देऊन आले."

मागे काही आवाज होते की नाही, मला आठवत नाही. मी तुलाच ऐकत होतो. आणि तरी तोंडातून काय निघावं? "तूच म्हणाली होतीस, जाते."

"कधी?"

"दारात. वळून."

मास्तरांनी फोन माझ्या हातातून घेऊन पाहिला, लागलेला आहे का. मग म्हणालीस, "मी म्हटलं, जा, ते थांबलेत. शीतगृहवाले. तुमच्या खिशात फोन सारखा वाजत होता."

जा. ते थांबलेत. पुढचे शब्द त्या स्पीकरवाल्या बाईनं खाल्ले, आणि माझ्या कानानं उरलेले दोन जोडून ठेवले. पाच महिने मी ते जोडलेलं उराशी धरून बसलो. मला वाटत होतं तू मला सोडून निघालीस, आणि तू मला माझ्या कामाला मोकळं करत होतीस. यातलं कुठलं जास्त वाईट, तेच मला ठरवता येत नाही.

तुझा शब्द मोड, असं मी म्हणणार नाही. दिलास तो दिलास. वर्ष तर वर्ष. पण "वाटलंच होतं" हे जे म्हणालीस, ते तसंच राहू देणार नाही.

तिकीटवाल्याकडे गेलो. या वेळी अंतर विचारलं नाही. इंजिनंही विचारली नाहीत. त्यानं विचारलं, "परतीचं कधीचं काढू?" मी म्हटलं, "ते तिथे गेल्यावर काकूंना विचारून सांगतो." तो म्हणाला, "काका, बसा, पाणी घ्या."

— अहो


तारीख बावीस. निदान बसलो तेव्हा बावीस होती

अगं,

हे विमानात लिहितोय. अक्षर हलतंय ते विमानामुळे. निम्मं विमानामुळे.

चाकं आत घेताना जो आवाज झाला, तसला आवाज करणारी मोटर मी कारखान्याच्या दारातही उभी केली नसती. मी खुर्चीचा हात धरला तो शेजारच्या बाईचा हात निघाला. तिनं आपला हात काढून घेऊन माझा खुर्चीवर नीट ठेवला. मग इंजिनं एका सुरात लागली. कान लावून बसलो. तासभर चूक शोधली. सापडली नाही. मग दमलो, आणि मला झोपच लागली, म्हण.

जागा झालो तर समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान आणि त्याची वाट काढलेली. मास्तरांच्या दोरीसारखी, वाकडी, बर्फावरून जाणारी. खाली दोन आकडे. पार केलेलं अंतर आणि उरलेलं. तेव्हा दोन्ही जवळजवळ सारखे होते. आपलं घर जितकं लांब, तितकीच तू. खिडकीतून पाहिलं, खाली खरंच पांढरं होतं. आपल्या घड्याळात संध्याकाळ झालेली, बाहेर लख्ख ऊन. विमानवाल्या पोरीला विचारलं, "बाई, आत्ता किती वाजले?" ती म्हणाली, "कुठले?" मी म्हटलं, "इथले." तिला हसू आलं. इथले म्हणून वाजतच नाहीत, म्हणाली.

मला वाटायचं, शहाणा माणूस तो, ज्याला आपण कुठे आहोत आणि किती वाजलेत ते ठाऊक असतं. आत्ता मला दोन्ही ठाऊक नाही. तू दार उघडशील की नाही, तेही नाही. रागावली असशील तर किती, वर्षभराचा शब्द देताना माझ्यासाठी जागा ठेवलीस का, लेकीच्या घरी मी पाहुणा की तुझा माणूस, काही काही ठाऊक नाही. विचारायला तिकीटवाला नाही आणि मास्तर नाहीत. सोळा तासांतले आता थोडे उरलेत, तोंडावर वारा आहे म्हणतात.

लेकीला कळवलं आहे, पण बजावलंय, आईला विमानतळावर आणायचं नाही. एकदा उभं केलं तेवढं पुरे. तिनं मला कुठली बस घ्यायची ते लिहून पाठवलंय, आणि तुझ्या दुकानाचा पत्ता. दुकान सहाला बंद होतं म्हणाली. समोर रस्त्यापलीकडे एक बाक आहे म्हणे.

तिथे बसेन. काचेतून दिसलो तरी लगेच उठू नकोस. हातात कुणाचा कोट उसवलेला असेल, तो पुरा कर. मालकिणीला सांगून, सामान आवरून, नेहमीसारखी सावकाश बाहेर ये. मला घाई नाही.

— अहो